पर्फ्यूजनसाठी पोषकमाध्यम निवडताना

सस्तन प्राण्यांच्या पेशींकडून औषधी प्रथिने तयार करून घेणाऱ्या एखाद्या कारखान्यात जेव्हा फेड-बॅचची रुळलेली वाट सोडून पर्फ्यूजनचा, म्हणजे एका बाजूने ताजे माध्यम अखंड आत सोडीत आणि दुसऱ्या बाजूने, पेशी मागे अडवून, तितकाच द्रव बाहेर काढीत राहण्याचा मार्ग पत्करण्याचे ठरते, तेव्हा पहिल्याच बैठकीत कोणीतरी हमखास विचारतो : "आपलं आहे तेच मीडिया चालेल ना?" प्रश्न स्वाभाविक आहे. ते माध्यम निश्चित करण्यात काही वर्षे खर्ची पडलेली असतात, त्याचे दस्तऐवज नियामकांच्या दप्तरी दाखल झालेले असतात, त्याच्या भुकटीची पिंपे गुदामात रचून ठेवलेली असतात, आणि खरेदीखात्याला नव्या पुरवठादाराचे नावसुद्धा ऐकावयाचे नसते. या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, जुन्या माध्यमात पेशी जगतील, कदाचित जोमानेही वाढतील, परंतु कारखान्याचा जमाखर्च मात्र जुळणार नाही. आणि पर्फ्यूजनमध्ये माध्यमाची निवड ही जीवशास्त्राइतकीच जमाखर्चाची बाब आहे. ज्यांना पेशीसंवर्धनाचा सराव आहे पण या पद्धतीशी प्रत्यक्ष गाठ पडलेली नाही, अशा वाचकांसाठी तो हिशेब कसा मांडावा हे येथे सांगावयाचे आहे.

फेड-बॅचमधील पेशीचे पोषण म्हणजे प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी होय : पहिल्या काही दिवसांचे अन्न मूळ माध्यमात, पुढच्या मुक्कामांचे अन्न घट्ट, संहत अशा फीडच्या रूपाने, आणि एकंदर मुक्काम पंधरवड्याचा. पर्फ्यूजनमध्ये मात्र पान रोज वाढले जाते आणि उष्टेही रोज काढले जाते. यामुळे शिदोरीच्या दृष्टीने आखलेल्या दोन्ही जिनसा या पंक्तीला अपुऱ्या पडतात. मूळ माध्यम एकटेच वापरावे तर ते इतके पातळ ठरते की पेशींची भूक भागविण्यासाठी त्याचे लोटच्या लोट आत सोडावे लागतात. फीड एकटे वापरावे तर त्यातील क्षारांचे व अमिनो आम्लांचे प्रमाण पेशीला सोसत नाही. अनुभवी मंडळी आरंभ करतात तो या दोहोंच्या मिश्रणापासून, मूळ माध्यमात फीडचा दहावा, पाचवा किंवा चौथा हिस्सा घालून. आणि आरंभ म्हणून ही तजवीज उत्तम आहे. तिलाच शेवट समजण्याची घाई मात्र करू नये.

या पद्धतीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अप्रस्तुत होणार नाही, कारण माध्यमाविषयीच्या आजच्या कित्येक सवयी त्यातून आलेल्या आहेत. हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी लागणारे रक्तातील आठवे घटक-प्रथिन हे इतके नाजूक की, उष्ण पात्रात दोन आठवडे पडून राहिले तर त्याचा मोठा भाग नासून जावा. म्हणून ते तयार होताच बाहेर काढून थंड करणे भाग होते. बायरच्या कॅलिफोर्नियातील बर्कली येथील कारखान्यात हॅमस्टरच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या बीएचके पेशींच्या द्वारे पर्फ्यूजनने तयार होणाऱ्या कोजेनेटला १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्या पेशींच्या माध्यमात त्या काळी मानवी रक्तद्रवातील प्रथिनेही घातलेली असत. पुढील वर्षी गोशे रोगावरील सेरेझाइम आले, १९९८ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब आले. या उत्पादनांची किंमतच अशी होती की माध्यमाचे चार पिंप अधिक लागले तरी कोणी हिशेबाची वही उघडीत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. जी प्रतिपिंडे फेड-बॅचमध्येही सुखाने टिकतात तीच लहान पात्रातून, लहान इमारतीतून, स्वस्तात काढावयाची म्हणून पर्फ्यूजनकडे लोक वळत आहेत. आपल्या पुण्यातही एन्झीन बायोसायन्सेसने अखंड उत्पादनपद्धतीचा अवलंब केला आहे. जेथे स्वस्ताई हाच हेतू आहे, तेथे माध्यमाचा खर्च हा दुय्यम प्रश्न राहत नाही.

आता मूळ हिशेब. पात्राच्या आकारमानाच्या किती पट माध्यम दररोज आत जाते हा एक अंक, आणि पात्रात पेशी किती हा दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागले म्हणजे एका पेशीच्या वाट्याला दिवसाकाठी किती माध्यम येते ते निघते. प्रयोगशाळांतून या राशीला सीएसपीआर या आद्याक्षरांनीच ओळखतात आणि ती पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात, मोजतात; आपण तिला पेशीगणिक प्रवाह म्हणू. मिलिलिटरमागे ५ कोटी पेशी आहेत आणि प्रत्येक पेशीला रोज २० पिकोलिटर माध्यम पुरते असे धरले, तर मिलिलिटरमागे बरोबर एक मिलिलिटर, म्हणजे रोज पात्राएवढे एक माप, माध्यम लागेल. ५०० लिटरच्या पात्रात ६० दिवसांचा रन घेतला तर एकूण ३०,००० लिटर. त्याच पेशींना जर ५० पिकोलिटर लागत असतील तर हाच आकडा ७५,००० लिटरवर जातो. फरक केवळ भुकटीच्या किमतीचा नाही. तेवढे इंजेक्शनसाठीचे शुद्ध पाणी तयार करावयाचे, ते माध्यम कालवून, गाळून, पिशव्यांत भरून, शीतगृहात ठेवावयाचे, आणि दुसऱ्या टोकाला अडीच पट पातळ झालेले प्रथिन शुद्धीकरणाच्या स्तंभावर चढवावयाचे. पर्फ्यूजनची इमारत लहान असते असे जे म्हणतात ते पेशीगणिक प्रवाह लहान असल्यासच खरे आहे. एरवी लहान पात्राभोवती मोठी पाणपोई उभी राहते. सबब माझे मत असे की, दोन माध्यमांची तुलना करताना "पेशी किती वाढल्या" हा प्रश्न प्रथम न विचारता "किती कमी मापात पेशी सुस्थितीत राहिल्या" हा विचारावा.

या हिशेबाची एक सोय वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. एका पेशीने दिवसात खाल्लेल्या पदार्थाचे पिकोग्रॅम, भागिले तिच्या वाट्याचे पिकोलिटर, बरोबर लिटरमागे इतके ग्रॅम. मध्ये कोणताही गुणक घालावा लागत नाही. समजा, आपली पेशी रोज १२० पिकोग्रॅम ग्लुकोज खाते आणि माध्यमात लिटरमागे ८ ग्रॅम ग्लुकोज आहे. ५० पिकोलिटरवर ती लिटरमागे २.४ ग्रॅम खाईल आणि साडेपाच ग्रॅमहून अधिक तसेच वाहून जाईल. २० पिकोलिटरवर ६ ग्रॅम खाऊन २ ग्रॅम शिल्लक ठेवील. आणि १५ पिकोलिटरवर आले की पान स्वच्छ पुसलेले असेल. हीच वजाबाकी प्रत्येक अमिनो आम्लाच्या बाबतीत कागदावर मांडता येते, आणि ती न मांडता महागडी माध्यमे एकामागून एक मागवून पाहणे हा द्रव्याचा अपव्यय आहे.

तेव्हा पद्धत अशी ठेवावी. हाताशी असलेल्या बऱ्यापैकी माध्यमावर पेशींची संख्या एका ठराविक पातळीवर स्थिर करावी आणि ती तशीच राखून प्रवाह पायरीपायरीने कमी करीत जावा, प्रत्येक पायरीवर तीन-चार दिवस थांबून. बाहेर पडणाऱ्या द्रवाचा नमुना रोज घ्यावा. त्यातील ग्लुकोज, लॅक्टेट, अमोनिया तर मोजावेतच, परंतु अमिनो आम्लांचा सविस्तर तपशील प्रयोगशाळेकडून मागवावा, कारण खरा चोर तेथे सापडतो. जिवंत पेशींचे प्रमाण किंवा दर पेशीमागील प्रथिनाचे उत्पादन ज्या पायरीवर ढासळू लागले तिच्या अलीकडच्या पायरीवर कोणता जिन्नस संपत आला होता ते पाहावे. पुष्कळदा तो ग्लुकोज नसतो. ग्लुकोजची उणीव तर निराळ्या नळीने संहत द्रावण सोडूनही भरून काढता येते. बहुधा तो अॅस्परॅजिन, सेरीन, टायरोसिन किंवा सिस्टीन असतो, आणि कधी कोलीनसारखा एखादा गरीब, विस्मृत घटक. तो जिन्नस वाढवून पुन्हा त्याच उतरंडीवरून खाली यावे. अशा दोन-तीन फेऱ्यांत प्रवाह पुष्कळ खाली आणता येतो, आणि नव्या माध्यमाची गरज होती की जुन्यात फेरफार पुरेसा होता हेही त्यात आपोआप कळते.

परंतु माध्यम हवे तितके घट्ट करता येत नाही, आणि येथे आपली गाठ दोन अमिनो आम्लांशी पडते. टायरोसिन हे २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅमही विरघळत नाही. सिस्टीन तर त्याच्याही कितीतरी खाली. म्हणजे टायरोसिनने संपृक्त अशा माध्यमातूनही २० पिकोलिटरवर राहणाऱ्या पेशीला रोज नऊ-दहा पिकोग्रॅमपलीकडे शिधा देता येत नाही, आणि १० पिकोलिटरवर त्याच्या निम्मा. या अडचणीवर तीन इलाज रूढ आहेत. एक, ही दोन्ही क्षारधर्मी पाण्यात विरघळवून निराळ्या नळीने थेट पात्रात सोडणे. हा इलाज स्वस्त, पण दोन प्रवाहांचे प्रमाण साठ दिवस सांभाळणारे चोख पंप त्याला हवेत. दुसरा, टायरोसिनचे फॉस्फेटयुक्त क्षार किंवा डायपेप्टाइड वापरणे. ही पाण्यात सहज विरघळतात, परंतु महाग असतात आणि आपल्या पेशी त्यांचे विघटन पुरेशा वेगाने करतात की नाही याची खात्री स्वतः करून घ्यावी लागते. तिसरा, सिस्टीनऐवजी सिस्टेइन घालणे. हा सर्वांत फसवा, कारण सिस्टेइन हवेतील प्राणवायूने आणि तांब्याच्या लेशाने सिस्टीनमध्ये परत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिशवीच्या तळाशी पांढरा गाळ दिसू लागतो. तो गाळ दिसला की पेशींना काय मिळत आहे याविषयीचे कागदावरचे सर्व आकडे व्यर्थ झाले असे समजावे.

दुसरी मर्यादा परासरणदाबाची. बहुतेक माध्यमे किलोमागे २८० ते ३२० मिलिऑस्मोलच्या आसपास ठेवलेली असतात; आकडा चारशेच्या वर गेला की वाढ मंदावू लागते. फीड मिसळून माध्यम समृद्ध केले की हा आकडा चढतो, आणि त्यात आम्लता सांभाळण्यासाठी घातलेल्या सोड्याची भर पडते. यावर उपाय साधा आहे, आणि आश्चर्य असे की तो पुष्कळांना सुचत नाही : माध्यमातील मीठ कमी करावे. सोडियम क्लोराइड हे पेशीचे अन्न नव्हे. ते जागा भरून काढण्यासाठी घातलेले असते, आणि अमिनो आम्लांनी ती जागा घेतली की त्याची रजा मंजूर करण्यास हरकत नसावी. तथापि सोडियम आणि पोटॅशियम यांचे परस्पर प्रमाण पाहूनच हा फेरफार करावा, कारण ते बदलले की पेशीचा वृद्धिदरही बदलतो. काही प्रयोगकर्त्यांनी तर वाढ मुद्दाम रोखण्यासाठी या गुणाचा उपयोग करून घेतला आहे.

तिसरी मर्यादा उष्ट्याची. प्रवाह निम्मा केला की लॅक्टेट आणि अमोनिया यांची तीव्रता त्याच नियमाने दुप्पट होते, आणि माध्यम कितीही समृद्ध केले तरी हे विष त्याने पातळ होत नाही. ग्लुटामिन हे अमोनियाचे मोठे उगमस्थान. म्हणून ज्यांच्या पेशी ग्लुटामिन स्वतः तयार करू शकतात त्यांनी ते माध्यमातून वगळावे, इतरांनी मोजकेच द्यावे. फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन ही अमिनो आम्ले "असू द्या थोडी जास्त" म्हणून ओतली तर पेशी त्यांचे अर्धवट विघटन करून असे पदार्थ तयार करते की ते तिचीच वाढ खुंटवितात. वजाबाकीत जे प्रमाण निघेल त्याच्यावर माफक शिल्लक ठेवावी. फाजील औदार्य नको.

येथवर वाढीचा उल्लेख जणू ती सदैव इष्टच असते अशा रीतीने झाला. वस्तुतः पर्फ्यूजनमधील सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, पेशी इच्छित संख्येवर पोहोचल्यानंतर त्यांची वाढ हा तोटा होतो. संख्या स्थिर राखावयाची तर जितक्या नव्या पेशी जन्मतील तितक्या, द्रवासह, ब्लीड म्हणून रोज काढून टाकाव्या लागतात, आणि त्या द्रवात आपले प्रथिनही असते. रोज पात्राएवढे एक माप बाहेर पडत असताना वृद्धिदर दिवसाला ०.३ असेल तर त्यातील तीस टक्के माल सरळ गटारात जातो, ०.१ असेल तर दहा टक्के. म्हणून चाचणीत ज्या माध्यमाने पेशी झपाट्याने वाढल्या त्याला पहिला क्रमांक देणारा गृहस्थ पर्फ्यूजनच्या दृष्टीने नेमके उलटे बक्षीस देत असतो. शक्य तेथे दोन माध्यमे ठेवावीत : पहिल्या आठवड्यात संख्या वाढविण्यासाठी एक, आणि नंतर वाढ मंद पण उत्पादन तेज ठेवण्यासाठी दुसरे. तापमान ३७ वरून ३३ अंशांच्या आसपास उतरविणे ही जोडीची युक्ती. पण ते उतरविल्यावर पेशीची भूकही बदलते, आणि वर सांगितलेली वजाबाकी त्या तापमानाला पुन्हा करावी लागते. हे पुष्कळजण विसरतात.

गाळणीचा विचार माध्यमाच्या चर्चेत सहसा येत नाही, पण यावयास हवा. आज बहुतेक ठिकाणी पोकळ तंतूंच्या गाळणीतून द्रव मागेपुढे खेळविणारे एटीएफ यंत्र पात्राला जोडलेले असते, आणि साठ दिवस ती गाळणी तुंबू न देणे यावर सर्व भिस्त असते. पेशींची दाटी झाली की प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे जोराने सोडावे लागतात, बुडबुड्यांनी पेशी फाटू नयेत म्हणून पोलॉक्सामर १८८ हे द्रव्य माध्यमात असते, आणि फेस चढला की सिलिकॉनचे फेसरोधक घातले जाते. हे फेसरोधक गाळणीच्या छिद्रांवर बसते. म्हणून फेसाचा बंदोबस्त फेसरोधकापेक्षा पोलॉक्सामरचे योग्य प्रमाण आणि बुडबुड्यांचा आकार यांनीच करावा. फेड-बॅचच्या माध्यमात लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास पोलॉक्सामर असते. दाट पर्फ्यूजनला ते अपुरे पडण्याचा संभव मोठा, तेव्हा पुरवठादाराला हे प्रमाण स्पष्ट विचारावे. शिवाय या द्रव्याच्या एका लॉटमध्ये पेशी सुखरूप आणि दुसऱ्यात मरणोन्मुख असा प्रकार उद्योगात वारंवार घडलेला आहे; प्रत्येक नवा लॉट, खाचा पाडलेल्या फ्लास्कमध्ये पेशी जोराने हलवून, वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा.

प्रथिनाच्या गुणवत्तेविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण इतर बाबी फेड-बॅचप्रमाणेच आहेत. प्रतिपिंडावरील शर्करासाखळ्यांत गॅलॅक्टोज जोडणाऱ्या एंझाइमाला मँगॅनीज लागते, आणि तेही लेशमात्र. माध्यमात लोहाचा क्षार त्याच्या मानाने कितीतरी अधिक असतो. त्या क्षारात मँगॅनीजची भेसळ अल्पशी असली तरी ती मुद्दाम घातलेल्या मँगॅनीजच्या बरोबरीची ठरू शकते. म्हणजे मँगॅनीजच्या शिशीवर कितीही कडक पहारा ठेवला तरी ते लोहाच्या पिंपातून गुपचूप आत येते. फेड-बॅचमध्ये याचा परिणाम एका बॅचवर होतो. पर्फ्यूजनच्या दीर्घ रनमध्ये मात्र माध्यमाचे अनेक लॉट एकामागून एक लागतात, आणि विसाव्या दिवशी लॉट बदलला की पंचविसाव्या दिवसाचे प्रथिन आदल्या आठवड्याच्या प्रथिनाहून निराळे निघू शकते. सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण प्रत्येक लॉटच्या दाखल्यावर छापून मिळावे असा आग्रह धरावा. आणि कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणती पिशवी जोडली याची नोंद ठेवावी, कारण अखंड उत्पादनासाठी २०२२ मध्ये संमत झालेले आयसीएच क्यू१३ हे मार्गदर्शक तत्त्व कच्च्या मालाचा असा माग लावता आला पाहिजे अशीच अपेक्षा करते. सोयाबीनचे वा यीस्टचे हायड्रोलायसेट असलेली माध्यमे याच कारणास्तव टाळावीत. ती पेशींना आवडतात हे खरे. पण त्यांच्यात काय आहे हे त्यांच्या उत्पादकालाही पूर्णपणे सांगता येत नाही.

विषाणूंचा धोका दीर्घ रनमध्ये निराळ्याच प्रमाणात वाढतो. २००९ साली जेन्झाइमच्या बोस्टनमधील ऑल्स्टनच्या कारखान्यात वेसिव्हायरस २११७ हा विषाणू सापडला, उत्पादन थांबवून कारखाना निर्जंतुक करावा लागला, आणि सेरेझाइम व फॅब्राझाइम या औषधांवर जगणाऱ्या रुग्णांना कित्येक महिने टंचाई सोसावी लागली. विषाणू कच्च्या मालातून आला असावा असा कयास होता. हजारो लिटर माध्यम जेथे आत जाते तेथे प्रत्येक लिटर हा एक दरवाजा असतो. म्हणून माध्यम अल्पकाळ तीव्र उष्णतेतून, सामान्यतः १०२ अंशांवर सुमारे १० सेकंद, नेण्याची किंवा विषाणू अडविणाऱ्या सूक्ष्म गाळणीतून गाळण्याची पद्धत पडली आहे. निवड करतानाच विचारावे : हे माध्यम त्या उष्णतेत टिकते काय? कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा गाळ नळ्यांत बसतो काय? थायमिन किती उरते? गाळणीच वापरावयाची तर माध्यमातील कोणत्या घटकाने ती लवकर तुंबते? ज्या पुरवठादाराजवळ यांची उत्तरे तयार नाहीत त्याने पर्फ्यूजनचे गिऱ्हाईक पूर्वी पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

टिकाऊपणाच्या बाबतीत प्रयोगशाळा आणि कारखाना यांत अंतर फार. प्रयोगशाळेत बाटली शीतपेटीतून काढून वापरली जाते. कारखान्यात पिशवी जोडलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस लटकत राहते. ग्लुटामिन तेवढ्यात निकामी होत जाते. रायबोफ्लेविन आणि ट्रिप्टोफॅन उजेडात बिघडतात आणि बिघडताना पेशीला बाधक पेरॉक्साइड निर्माण करतात. पिशव्यांवर काळे आवरण घालणे हा अगदी स्वस्त आणि अगदी उपेक्षित उपाय आहे. ज्या तापमानात व ज्या उजेडात पिशवी प्रत्यक्ष राहणार, त्याच परिस्थितीत सात-आठ दिवस ठेवलेल्या माध्यमावर पेशी वाढवून पाहाव्यात, ताज्यावर नव्हे.

उमेदवार माध्यमे अनेक असतील तर पहिली चाळणी लहान नळ्यांत लावावी. ५० मिलिलिटरच्या हवेशीर नळीत दाट पेशी घ्याव्यात, रोज त्या सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून जुने माध्यम काढावे व नवे घालावे. मिलिलिटरमागे ३ कोटी पेशी आणि रोज पूर्ण बदल म्हणजे पेशीगणिक सुमारे ३३ पिकोलिटर, अर्धा बदल म्हणजे त्याच्या निम्मे. आम्लतेचे नियंत्रण यात नसते आणि बदलाच्या आदल्या रात्री पेशी उपाशी असतात, तेव्हा या नळ्यांकडून केवळ वाईटांना बाद करण्याचे काम घ्यावे, उत्तमाची निवड नव्हे. उरलेल्या दोघा-तिघांची परीक्षा दोन-तीन लिटरच्या खऱ्या पर्फ्यूजन-पात्रात, महिनाभर तरी, घ्यावी. दहाव्या दिवशी दोन माध्यमे बहुधा सारखीच दिसतात. भेद दिसू लागतो तो पुढे, पेशी म्हाताऱ्या आणि गाळणी जुनी झाल्यावर. निकाल दोन अंकांनी लावावा : लिटरभर पात्रातून रोज किती ग्रॅम प्रथिन निघाले, आणि लिटरभर माध्यमातून किती. पहिला अंक सर्वजण सांगतात. दुसरा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक.

राहता राहिला खरेदीचा मामला. तयार माध्यम घ्यावे की स्वतःच्या सूत्रानुसार बनवून घ्यावे, याचे उत्तर कारखान्याच्या आकारावर अवलंबून आहे. पहिल्या उत्पादनासाठी तयार माध्यमात आवश्यक तेवढा फेरफार करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. द्रव माध्यमाची हजारो लिटरची ने-आण परवडत नाही, म्हणून भुकटीच घ्यावी, किंवा संहत द्रावण घेऊन जागेवर पाणी मिसळण्याची व्यवस्था करावी. परदेशी माल मागविणाऱ्यांनी जकात आणि वाहतूक यांच्या विलंबाची तजवीज म्हणून एका संपूर्ण रनला पुरेल इतका साठा, शक्यतो एकाच लॉटचा, रन सुरू करण्यापूर्वीच गुदामात घ्यावा. रनच्या मध्यावर मालाची वाट पाहणाऱ्या पेशींना मुदतवाढ देता येत नाही. मुंबईच्या हायमीडियासारखे देशी उत्पादकही या क्षेत्रात आहेत. त्यांचे नमुने चाचणीत न घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

पुरवठादार आपले सूत्र गुप्त ठेवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. परंतु गोपनीयतेचा करार करून निदान अमिनो आम्लांची, सूक्ष्म मूलद्रव्यांची आणि पोलॉक्सामरची प्रमाणे तरी मिळवावीत, कारण त्यांच्यावाचून वर सांगितलेली वजाबाकी करताच येत नाही आणि आपण आंधळेपणाने फीड मिसळीत बसतो. त्याचप्रमाणे माध्यमातील कोणताही कच्चा माल, त्याचा उत्पादक, किंवा भुकटी दळण्याची जागा बदलण्यापूर्वी पुरेशा मुदतीची लेखी सूचना देण्याचे आणि जुन्या पद्धतीचा अखेरचा साठा राखून ठेवण्याचे कलम करारनाम्यात असावे. हे कलम मान्य न करणाऱ्याचे माध्यम, चाचणीत ते कितीही वरचढ ठरलेले असो, घेऊ नये.